पाय पाण्यात नको

ओंजळीत कुणी पाणी दिलं की मी आजही थबकतो. देवळात पळीभर तीर्थ देतात तेवढंसुद्धा. पाणी तळहातावर पडतं आणि ओठांशी नेण्याआधी माझी नजर आपोआप त्यात जाते. काही दिसत नाही. दिसण्यासारखं ते नसतंच. ही सवय मला एका भीतीमुळे लागली, आणि त्या भीतीच्या वर्षात माझ्या पत्नीने जे केलं ते आता लिहून ठेवावंसं वाटतं. ती जाऊन एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटला. समाचाराला आलेल्या बायका म्हणत, सगळं करूनसवरून गेली, भाग्याची होती. त्यांच्या मनात घर, मुलांची लग्नं, नातवंडं असत. मला मात्र दरवेळी एक विहीर आठवे. चहाच्या कपाबरोबर सांगून टाकावं असं ते नव्हतं. म्हणून रोज थोडं लिहितो आहे.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. मी धुळ्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून नुकताच बाहेर पडलो होतो आणि आमचं लग्नही नवंच होतं. स्कूल बोर्डाने मला पश्चिम खानदेशातल्या एका कोरडवाहू गावात नेमलं. धुळ्याहून फाट्यापर्यंत सर्व्हिस मोटार आणि पुढे बैलगाडी. पत्नी जळगावजवळच्या असोद्याची, केळीच्या बागांत वाढलेली. मोटेचं पाणी पाटातून खळखळत जाताना बघतच ती मोठी झाली होती. आम्ही गावात पोचलो तेव्हा फाल्गुन संपत आला होता आणि वाटेत हिरवं म्हणावं असं एक बाभळीचं झाड सोडून काही लागलं नव्हतं. गाडीतून उतरल्यावर तिने घर कसं आहे हे विचारलं नाही. "पाणी कुठून आणायचं?" एवढंच विचारलं.

पाणी पायविहिरीतून आणायचं. गावात पिण्याच्या पाण्याची तेवढी एकच जागा. जुनी दगडी विहीर, थेट पाण्यापर्यंत पायऱ्या उतरत गेलेल्या. उन्हाळ्यात पाणी जसं खाली जाई तशा आणखी पायऱ्या उघड्या पडत, हिरव्या, बुळबुळीत. बायका घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून घागर आडवी बुडवीत. पुरुषमाणसं शेतावरून येताना तिथेच पाय गार करीत, चूळ भरीत, ओंजळीने पाणी पीत.

पहिल्या काही दिवसांत माझ्या ध्यानात आलं, की गावात पुष्कळ ओट्यांवर कुणी ना कुणी पाय लांब करून बसलेलं असतं. पायाला चिंधी आणि चिंधीत खोचलेली बारीक काडी. मला वाटलं, काटा रुतला असेल. शेजारच्या आजींनी सांगितलं, नारू. घोट्यापाशी नाहीतर पोटरीवर आधी फोड येतो. आगीसारखा जळतो. तो फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकं बाहेर काढतो. तो काडीला गुंडाळायचा, रोज थोडा, अगदी थोडा. ओढायची घाई केली आणि तुटला, तर पाय सुजून माणूस महिना-दोन महिने उठत नाही. आणि हे सगळं नेमकं पेरणीच्या तोंडावर.

"यावर काही करत नाही का कुणी?" मी विचारलं.

आजी हसल्या. "देवीनं शे ते, मास्तर. बठ्ठासले व्हस." देवीचंच आहे, सगळ्यांनाच होतं, असं त्यांच्या अहिराणीत.

ह्या आजी आमच्या भिंतीला भिंत लागून राहत. जाडजूड, मोठ्या आवाजाच्या, साऱ्या गावाला धाकात ठेवणाऱ्या. माझ्या पत्नीवर मात्र त्यांचा पहिल्या दिवसापासून जीव. आमची चूल पेटायच्या आधी त्यांच्या घरच्या भाकरी आल्या होत्या.

मग आखाजी आली. खानदेशात अक्षय्यतृतीयेला आखाजी म्हणतात आणि दिवाळीपेक्षा तिचं कौतुक जास्त. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्याच दिवशी घरोघर पितरांची घागर भरतात. कोरी मातीची घागर, तीत विहिरीचं ताजं पाणी, वर खरबूज, पुढे पुरणपोळी आणि आंब्याचा रस. पूजा झाली की आजींच्या घरी त्या घागरीतलं पाणी घरातल्या सगळ्यांना ओंजळ-ओंजळ द्यायचे. पितरांनी पिऊन उरलेलं पाणी, म्हणून मान मोठा. आजींनी आम्हा दोघांना मुद्दाम बोलावून पाटावर बसवलं. "तुमनं कोनी नै अठे, मीच तुमनी माय," म्हणाल्या आणि आमच्या ओंजळी भरल्या. आम्ही पाणी डोळ्यांना लावलं आणि प्यालो. गार होतं. गोड होतं.

सुटीत मी कामासाठी धुळ्याला गेलो. देवपूरला एक ओळखीचे डॉक्टर राहत. माझ्या मित्राचे थोरले भाऊ. पांझरा नदीवरच्या फरशीपुलावरून चालत त्यांच्याकडे गेलो आणि गप्पांत सहज नारूचं बोललो. डॉक्टरांनी पुढचं सगळं अगदी शांतपणे सांगितलं. नारूचा फोड आलेला माणूस आग थांबावी म्हणून पाय पाण्यात घालतो. त्या क्षणी किडा आपली पिलं पाण्यात सोडतो, हजारोंनी. ती पाण्यातल्या बारीक जिवांच्या पोटात जातात आणि ते जीव माणसाच्या पोटात. मग ती माणसाच्या अंगात वाढत राहतात, काही कळू न देता. साधारण वर्षभराने पायातून बाहेर येतात.

"तुम्ही ते पाणी प्यायलात का?" त्यांनी विचारलं.

"रोजच. आखाजीला तर पितरांचं म्हणून ओंजळभर."

"मग पुढच्या आखाजीच्या आसपास कळेल," डॉक्टर म्हणाले आणि माझा चेहरा बघून थोडे हसले. "कळेलच असं नाही. येणार असेल तर येईल."

"औषध?"

"नाही. ह्यापुढे दुहेरी कापडातून गाळून प्या. जे प्यालात ते प्यालात."

परत येताना मोटारीत मी माझ्या पायांकडे बघत होतो. दोन्ही पाय अगदी नेहमीसारखे होते, हीच त्यातली वाईट गोष्ट. घरी आल्यावर तिला सांगावं की नाही यात माझा एक आख्खा दिवस गेला. शेवटी ती भाकरी थापत असताना सांगून टाकलं. माझी अपेक्षा होती की ती घाबरेल, मग मी तिला धीर देईन, आणि तिला धीर देता देता मलाही थोडा येईल. ती थापायची थांबली.

"म्हणजे आपण महिना-दीड महिना प्यालो ते हे लोक जन्मभर पितात."

"अगं, मी आपलं सांगतोय. वर्षाने तुझ्या पायातून..."

"हो, ते कळलं. पण ह्यांचं काय?"

मला तिचा राग आला. मी तिच्या पायाविषयी बोलत होतो आणि ती गावाच्या पायांविषयी. भाकरी तव्यावर करपली. तो वास मला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवसापासून तिने घरचं पाणी गाळायला सुरुवात केली. जुन्या लुगड्याचा तुकडा दुहेरी करून घागरीच्या तोंडावर बांधायचा, मध्ये खोलगट सोडायचा आणि वरून ओतायचं. एकदा तिने मला ते फडकं उन्हात धरून दाखवलं. ओल्या कापडावर पांढुरके ठिपके होते, टाचणीच्या टोकापेक्षाही बारीक, आणि ते हलत होते. तिने फडकं ओट्याबाहेरच्या तापलेल्या दगडावर उलटं झटकलं आणि ते वाळेपर्यंत तिथेच उभी राहिली.

मग ती घराघरांतून सांगत फिरली. बायकांनी ऐकून घेतलं, सुपारी दिली, आणि काही केलं नाही. गाळायला वेळ लागतो, आणि वर पोरं रडत असतात, गुरं तहानलेली असतात. शिवाय पाणी गाळून पिणं हे गावात एकाच घराचं काम होतं; किराणा दुकानाच्या वाण्याचं, त्याच्या धर्मात सांगितलं होतं म्हणून. पारावर मला विचारलं जाऊ लागलं, "मास्तर, तुमनी बाई वाण्यानी पोर शे का?" मी हसून पुढे जाई.

जुन्या लुगड्याचं फडकं देवाच्या पाण्याला लागलेलं चालणार नाही, असा आक्षेप आला तेव्हा तिने असोद्याला निरोप धाडला. तिचे वडील जळगावच्या बाजारातून कोरा मांजरपाट घेऊन आले. तिने त्याचे चौकोन फाडून, कडा दुमडून, घरोघर वाटले. महिन्याभराने मी बघितलं, कुणी त्यात भाकरी गुंडाळून शेतावर नेत होतं, कुणी बाळाला लंगोट केला होता. आजींनी त्याचं झकास डोक्याचं फडकं केलं होतं आणि ते मला अभिमानाने दाखवलं. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा ती खूप हसली. पण त्यानंतर घरं फिरणं तिने सोडलं आणि विहिरीवर जाऊन बसू लागली.

सकाळी शाळेला जाताना मी तिला तिथे सोडत असे. खालून बायका भरलेली घागर घेऊन वर आल्या की ती म्हणे, "आणा, मी गाळून देते, तुम्ही तोवर पाठ टेका." दोन घागरींची अदलाबदल, मध्ये फडकं. भांड्यात भांडं ओतायला तिला कुणी नको म्हणत नसे, कारण तेवढा वेळ बसायला मिळे, बोलायला मिळे. काही जणी तिला चुकवून दुसऱ्या अंगाने जात. ती त्यांच्यामागे धावत नसे. एखादा टगा वरून ओरडे, "ताक गाळी ऱ्हायनी का मास्तरीण?" ती खालूनच म्हणे, "लोणी निघालं की तुलाच देते, ये." सगळ्या बायका हसत.

तिच्या मनात काय होतं ते मला नीट कधी कळलं नाही. माझ्या मनातलं मात्र मला चांगलं माहीत होतं. मी मनात हिशेब मांडत होतो, की वर्षभराने कळेल म्हणजे ह्या गाळण्याचा काय उपयोग झाला तेही वर्षभरानेच कळणार. आज जे पाणी तिने गाळलं त्यातून कुणाचा पाय वाचला असेल तर तो वाचला हे त्या माणसालाही कळणार नाही. त्याला काही झालंच नाही, मग तो काय सांगणार? आणि आमचं? आम्ही गाळायच्या आधीच प्यालो होतो. दिवाळी गेली, थंडी गेली. रोज सकाळी ती अंघोळ करून आली की मी काहीतरी शोधण्याच्या निमित्ताने खाली वाकून तिचे घोटे बघून घ्यायचो. तिच्या ते लक्षात आलं.

"माझे पाय काय नवसाचे आहेत का हो?"

"सहज बघितलं."

"सहज रोज बघता. स्वतःचे बघा की."

स्वतःचे बघायला मला भीती वाटत नव्हती. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

माघात कळलं की तिला दिवस गेले आहेत. झालं, माझी झोपच उडाली. नारू निघालेली बाई महिनोन् महिने खाटेवर पडते हे मी रोज डोळ्यांनी बघत होतो. त्यात पोटात मूल. त्यात विहिरीच्या बुळबुळीत पायऱ्या. मी तिला असोद्याला जा म्हणून विनवलं. ती म्हणाली, "आखाजी होऊ द्या. आखाजीला सगळ्या लेकी येतात. कुणाकुणाच्या पायाला असेल, त्या पाण्यात उतरतील. तेवढी आखाजी मला इथे राहू द्या."

त्या एका दिवसाची मी अशी धास्ती घेतली, जशी परीक्षेचीही कधी घेतली नव्हती. तिचा नारू आणि गावाचं पाणी, दोन्ही गोष्टी त्याच दिवसावर येऊन टेकल्या होत्या.

आखाजीच्या सकाळी विहिरीवर जत्रेसारखी गर्दी. नवी लुगडी, बांगड्या, कोऱ्या घागरी. आजी सगळ्यांत पुढे. माझ्या पत्नीने त्यांच्या घागरीवर फडकं बांधायला हात पुढे केला तसा त्यांनी घागर छातीशी धरली.

"हाई पितरंसनी घागर शे. हिले फडका नै लागाव."

"आजी, लेकरं पितात हो नंतर त्यातलं."

"पितरंसले काय नारू व्हई, बाई?"

बायका खो खो हसल्या. तीही हसली. मग म्हणाली, "पितरांना नाही होणार. पितरांची घागर तशीच राहू द्या. लेकरांना ओंजळ द्याल ती दुसऱ्या घागरीतली द्या, मी गाळून ठेवते."

"आनि पितरं काय आंधळा शेतस? पितरं देखतस, बाई."

एवढं बोलून त्या घागर घेऊन निघून गेल्या. दुपारी त्यांनी ओंजळी कुठल्या घागरीतून भरल्या ते आम्हाला माहीत नाही. त्या वर्षी आम्हाला बोलावणं आलं नाही.

उन्हं चढल्यावर मी छत्री घेऊन विहिरीवर गेलो. पारावरून हाक आली, "देखा, मास्तर बाईवर छत्री धरी ऱ्हायनात!" मी लक्ष दिलं नाही. ती वरच्या पायरीवर बसली होती, घामाने निथळत. तेवढ्यात आजींची धाकटी लेक लंगडत आली. आदल्या दिवशीच सासरहून आलेली. घोट्यावर रुपयाएवढा फोड, टरारलेला, चेहरा वेदनेने काळवंडलेला. ती कुणाकडे न बघता सरळ पायऱ्या उतरू लागली.

माझी पत्नी उठली आणि तिच्या वाटेत आडवी आली. अरुंद पायरी, एका बाजूला खोल पाणी, आणि ही सहावा महिना लागलेली बाई हात पसरून उभी.

"पाय पाण्यात नको गं. वर चल."

"माय वो! पायनी आग व्हई ऱ्हायनी! सरक!"

"पाय पाण्यात नको. पाणी पायावर घेऊ. मी आणून देते, पाहिजे तेवढं देते, पण वर चल."

ओरडा ऐकून आजी धावत आल्या. त्यांचा आवाज साऱ्या विहिरीत घुमला. "मन्ही पोर जळी ऱ्हायनी, आनि तू तिले पानीजोडे जाऊ देत नै! तुले भाकर खावाडी ती याकरता का?"

हे शेवटचं वाक्य तिला लागलं. मला तिच्या तोंडावर दिसलं. पण ती सरकली नाही. तिने त्या पोरीच्या काखेत हात घातला आणि तिला जवळजवळ उचलतच वर आणलं. विहिरीपासून लांब, बाभळीखाली तापलेल्या मातीवर बसवलं. मग स्वतः खाली उतरली, घागर भरून वर आणली, तिच्या पायावर धार धरली. पुन्हा उतरली. पुन्हा वर आली. मी घागर घ्यायला गेलो तर म्हणाली, "तुम्ही तिला धरा, ती उठेल." मी तिला धरून बसलो आणि पायऱ्यांकडे बघत राहिलो. प्रत्येक खेपेला ती खाली दिसेनाशी झाली की मी मनात पायऱ्या मोजू लागे आणि घागरीचं तोंड वर दिसलं की थांबे.

तिसऱ्या की चौथ्या घागरीला फोड फुटला. दुधासारखं पाणी निघून मातीत जिरलं. पोरीने डोळे मिटले आणि मोठा सुस्कारा सोडला. माझी पत्नी त्या ओल्या मातीकडे टक लावून बघत होती. ती माती वाळत गेली, पांढरी पडली. बस, एवढंच. बाभळीखाली एक वाळलेला डाग. त्या दिवशी त्या विहिरीत काय पडलं नाही, हे बघणारे आम्ही दोघंच होतो.

आजी लेकीला घेऊन गेल्या.

घरी आल्यावर तिने पाय धुतले आणि मी सवयीने वाकलो. उजव्या घोट्याच्या वर लाल गाठ होती. मध्ये जरा पाणी धरल्यासारखी. तिनेही बघितली. आम्ही दोघं त्या गाठीकडे बघत कितीतरी वेळ बसून राहिलो. बाहेर झोक्यावरच्या मुलींची गाणी चालली होती.

"आग होतेय?" मी विचारलं.

"थोडी."

"तोच असेल?"

"असेल." मग म्हणाली, "म्हणजे आता मला पायरी उतरता येणार नाही."

मला रडू येत होतं आणि ही पायरीचं बोलत होती. दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर गेली, पण काठापासून दहा हात लांब, बाभळीखाली बसली. चिंधी बांधलेला पाय लांब केलेला. गावातल्या इतर ओट्यांवर बसणाऱ्यांसारखी. बायका तिच्याकडे बघत आणि खाली उतरत. कुणीतरी म्हणालंच, गाळून पिऊनही हिला आला, मग गाळायचं कशाला? त्याला तिच्याकडे उत्तर होतं, की हे गाळायच्या आधीचं. पण ते समजावून सांगायला वर्षामागे जावं लागलं असतं आणि घागर डोक्यावर घेऊन तेवढं कोण ऐकतं? वर्षभराची सगळी मेहनत त्या एका गाठीपायी वाया जाणार, असं मला वाटलं. तिलाही वाटलं असणार. पहिल्यांदाच मी तिला हातातलं फडकं नुसतं पिळत बसलेलं बघितलं.

तेव्हा आजी आल्या. त्यांनी तिच्या पायाकडे पाहिलं, तोंड वाकडं केलं, आणि तिच्या हातातलं फडकं ओढून घेतलं.

"तू बठ अठे. मी भरस," म्हणाल्या, आणि धप धप पायऱ्या उतरून गेल्या.

खाली त्यांचा आवाज ऐकू येत होता. कुणाला तरी रागावत होत्या. पण बाभळीखालून पायऱ्यांचा तळ दिसत नसे. त्यांनी फडकं घागरीला बांधलं, की नुसतं खांद्यावर टाकलं, ते दिसलं नाही. ती मान उंच करून बघायला लागली. मग तिने मान खाली केली.

थोड्याच दिवसांत बदलीचा हुकूम आला. देवपूरच्या शाळेत. गाडीत सामान चढवताना तिने उरलेले सगळे चौकोन आजींकडे दिले. आजींनी ते घेतले, तिच्या ओटीत गूळ-खोबरं घातलं आणि पदराने डोळे पुसले. "त्या पोरीचा पाय?" हिने विचारलं. "काडीवर शे," आजी म्हणाल्या. म्हणजे किडा अजून निघतो आहे. गाडी सुटली.

तिच्या घोट्यावरची गाठ देवपूरला पोचल्यावर आठवड्याभरात बसली. माश्या चावल्या होत्या, की काटा होता, कुणास ठाऊक. डॉक्टर म्हणाले, नारू नाही. मग म्हणाले, अजून दोन-तीन महिने लक्ष ठेवा. ते दोन-तीन महिने गेले. मूल असोद्याला सुखरूप झालं. पण भीती संपली असा एखादा दिवस काही आला नाही. एखादी गोष्ट झाली तर तिचा दिवस असतो. झाली नाही तर कुठला दिवस धरायचा? मी बघतच राहिलो.

त्या गावी आम्ही परत गेलो नाही. सुरुवातीला बाळ लहान होतं म्हणून, नंतर मला धीर झाला नाही म्हणून. सगळ्या ओट्यांवर पुन्हा तेच लांब केलेले पाय दिसले असते तर मी ते तिला कसं सांगितलं असतं? ती कधी जाऊ या म्हणाली नाही. देवपूरच्या घरी मात्र ती पाणी गाळायची. नळाचं असलं तरी.

काही वर्षांनी, मुंबई राज्याचे दोन भाग व्हायचं घाटत होतं त्या सुमाराला, धुळ्याच्या मोटार स्टँडवर मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. आजींचा थोरला मुलगा. "ओ मास्तर! वळखं का?" मी ओळखलं. आजी वारल्याचं त्याने सांगितलं. पीकपाण्याचं सांगितलं. मग म्हणाला, "आपली विहीर त बदली गयी. पायऱ्या बुजी टाक्यात. आते रहाट शे, कठडा शे. बठ्ठं नवं."

"कधी बुजवल्या?"

"व्हई ग्यात दोन-तीन वरीस."

म्हणजे आमच्यानंतर पुष्कळ दिवसांनी. मधल्या वर्षांत काय झालं? आजी गाळत होत्या का? त्या आखाजीनंतरच्या उन्हाळ्यात ओट्यांवर किती पाय लांब झाले? हे प्रश्न माझ्या जिभेवर होते. त्याची मोटार लागली, कंडक्टर ओरडला, तो धावला. खरं सांगायचं तर विचारायला तेवढा वेळ होता. मी त्याच्या पायांकडे बघत राहिलो. धोतराच्या सोग्यात काही दिसलं नाही.

घरी येऊन तिला सांगितलं. आजी गेल्या हे ऐकून ती होती तिथेच खाली बसली. मग म्हणाली, "आणि ती धाकटी? तिचा पाय?"

"ते विचारायचं राहिलं."

मला वाटलं ती रागवेल. ती उठली, चुलीवरचं पाणी उतरवलं, आणि पाठमोरी असतानाच म्हणाली, "चालत असेल. पोरंबाळं झाली असतील तिला. त्यांच्यामागे धावत असेल."

त्यानंतर आम्ही त्या विहिरीचा विषय काढल्याचं मला आठवत नाही. मी मात्र घोटे बघायचं सोडलं नाही. चप्पल घालताना, अंगणात तुळशीला पाणी घालताना, ती म्हातारी होऊन खाटेवर पाय सोडून बसू लागली तेव्हाही. पुढेपुढे तिला त्याची गंमत वाटायची. मी वाकलो की ती पाय जरा पुढे करायची, बघा एकदाचे, म्हणून.

ती गेली त्या सकाळी शेजारच्या बायका तिला अंघोळ घालायला आल्या. मी दाराशी होतो. त्यांनी पायांवर पाणी ओतलं तेव्हा मी पुढे झालो आणि वाकलो. बायकांना वाटलं, नमस्कार करतो आहे. त्या बाजूला सरल्या. मी उजव्या घोट्यावर बोट फिरवून बघितलं, मग डाव्या. कातडी सुरकुतलेली होती, गार होती, ओली होती. कुठे काही नव्हतं.